वही कुलपात ठेवून डॉक्टर होत नाही

सोलापूरहून एका वडिलांनी लिहिलं आहे. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के पडले, नीटमध्ये मार्क कमी आले आणि आता ती रिपीटला तयार नाही. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिन खुनाचा छडा लावते, अशी कादंबरी ती लिहिते आहे. ‘फिजिक्सच्या वहीत दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या टपालाचा हिशेब सापडला. वही कपाटात कुलूप लावून ठेवलीय, पुढची नीट झाल्यावर देईन. तुम्ही तिला समजवा.’

साहेब, मार्कांचं नंतर बघू. मला घोर लागलाय तो त्या कुलपाचा. अठरा वर्षांच्या मुलीची वही तुम्ही तिला न विचारता वाचलीत आणि वर ओलीस ठेवलीत. याने ती अभ्यासाला बसणार नाही, फक्त तुमच्यापासून लपवायला शिकेल. हे पत्र वाचून झालं की आधी वही परत करा आणि ‘चुकलो’ म्हणा. समजवायचं कुणाला असेल तर ते तुम्हाला.

दुसरं म्हणजे, गोष्ट लिहिणं म्हणजे मनाला येईल ते खरडणं, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. तो हिशेब तिने का मांडला असेल? १८४० पर्यंत इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाराच भरायचा. अंतर आणि कागद मोजून टपालाचे पैसे ठरायचे. म्हणून लोक भरलेलाच कागद आडवा धरून त्यावर पुन्हा लिहायचे. खुनाच्या गोष्टीत पत्र कुणी सोडवून घेतलं, कुणी नाकारलं, यावर सगळं फिरू शकतं. ऑस्टिनची जेमतेम १६० पत्रं उरली आहेत. बरीचशी तिच्या बहिणीने, कॅसँड्राने, नष्ट केली. जे ठाऊक आहे त्याला धक्का न लावता अशा रिकाम्या जागेत रहस्य बसवायचं असतं. ऑस्टिनला डिटेक्टिव्ह करणारी मालिका १९९६ मध्ये सुरू करणाऱ्या स्टेफनी बॅरन इतिहास शिकलेल्या आहेत आणि आधी सीआयएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात, विश्लेषक होत्या. कागदावरून माणूस ओळखणं हेच दोन्हीकडचं काम. तुमच्या मुलीला ती नजर आहे.

आता बेटा, तुझ्याशी. नुसत्या कादंबऱ्यांवर मराठीत घर चालत नाही, हे आत्ताच ऐकून ठेव. सायन्सनंतर बी.ए.ला प्रवेश मिळतो, पदवीवर एमपीएससी-यूपीएससीही देता येते. पण इंग्रजी वाङ्मयापेक्षा इतिहास घे आणि सोबत मोडी ही जुनी मराठी लिपी शीक. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती ओढाताण झाली, ते आपण पाहिलंय. जमिनीच्या जुन्या कागदांनाही ही माणसं लागतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात तर रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडीत आहेत.

आणि एक सुचवू? ऑस्टिनच्याच काळात आपल्या सोलापूरचा शाहीर राम जोशी होऊन गेला. संस्कृत शिकलेला, तमाशाच्या नादापायी थोरल्या भावाने घराबाहेर काढलेला, दरबारापासून फडापर्यंत सगळीकडे वावरलेला. खुनाचा छडा लावायला याच्याइतका योग्य माणूस तुला कुठे मिळणार? त्याच्यावर पहिली वीस पानं लिही आणि मला पाठव. प्रवेशाचा फॉर्म मात्र त्याआधी भर, मुदत निघून जायला नको.