वाचकांचे प्रश्न : ॲक्सोलॉटलचे कल्ले पुढे का वळतात?

प्रश्न : नागपूरला शिकणाऱ्या मुलाने आणलेला ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) मी वरोरा तालुक्यातील आमच्या गावी सांभाळते. चैत्र लागल्यापासून त्याचे कल्ले तोंडाकडे वळलेले दिसतात, शेपटीचे टोक मुडपलेले असते आणि चार दिवसांपासून त्याने वावरातून आणलेल्या गांडुळाला तोंड लावलेले नाही. खोलीत कूलर दिवसभर सुरू असतो. हा आजार समजावा काय?
— एक वाचक भगिनी

उत्तर : तुम्ही नेमके तेच टिपले आहे, जे टिपायला हवे. स्वस्थ असताना या प्राण्याच्या डोक्यामागचे कल्ल्यांचे तिन्ही जोड सैल पसरलेले असतात. मधूनच तो ते झटकतो, त्यात काळजीचे काही नाही. मात्र तेच कल्ले तासन्‌तास पुढे वळलेले राहिले, शेपटीचे टोक आकड्यासारखे वळले आणि खाणेही सुटले, तर त्याला ताण असह्य होत आहे असे समजावे.

माझा पहिला संशय पाण्याच्या उष्णतेवर आहे. मेक्सिको सिटीतील सोचिमिल्कोच्या गार पाण्यातल्या या प्राण्याला 16 ते 18 अंश सेल्सिअस मानवते आणि 24 च्या वर त्याचे हाल सुरू होतात. कूलरचा वारा घामेजल्या अंगाला गार लागतो, म्हणून टाकीतले पाणीही तितकेच गार असेल असे मानू नका. थर्मामीटर पाण्यात बुडवून दुपारी तीन वाजता पाहा. पाणी गोठवलेली बंद बाटली टाकीत सोडून तापमान हळूहळू उतरवावे, कारण एकदम झालेला बदलही त्याला बाधतो. तरीही स्पष्टच सांगते, जिथे वीज वारंवार जाते तिथे चंद्रपूरकडचा मे महिना बाटल्यांवर निभणार नाही. तेवढे दिवस त्याला वातानुकूलित खोलीत हलवणेच मला योग्य वाटते.

फिल्टरची धार थेट अंगावर येत असल्यासही कल्ले असेच वळतात, तेव्हा ती काचेकडे वळवा. विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात तयार होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्य असायला हवीत. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असेल, तर ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच वापरावे. कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले किंवा तो उलटा तरंगू लागला, तर मात्र पशुवैद्यकाकडे नेण्यास उशीर करू नका.

आणि गांडुळे फवारणी झालेल्या वावरातली देऊ नका, घरच्या गांडूळखताच्या टाक्यातली, स्वच्छ धुऊन द्या.