भिंतीला ठोकलेलं कपाट कोणाचं?

प्रश्न: आम्ही दोघं गोव्यात पर्वरीला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. दीड वर्षापूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा आत पंखेसुद्धा नव्हते. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, दोन भिंतीतली कपाटं, एसी, गीझर, खिडक्यांच्या मच्छरजाळ्या, ओट्यावर ग्रॅनाइट असं सगळं आम्ही केलं. एकूण ३ लाख ४० हजार रुपये गेले. आता भाडं २६ हजार झालंय. मिस्टरांची बदली पिसुर्लेच्या कारखान्यात झाल्यामुळे तिकडं साखळी गावी राहायला जायचा विचार आहे. तिथं १२ हजारांत घर मिळतंय. दुसरा करार ऑगस्टपासून ११ महिन्यांचा आहे. घरमालक म्हणतात, भिंतीला जे ठोकलं ते फ्लॅटचं झालं आणि मुदतीआधी गेलात तर ७८ हजारांचं डिपॉझिट विसरा. वर पश्चिमेच्या भिंतीला बुरशी आली म्हणून रंगाचा खर्चही मागतात. सासऱ्यांनी चतुर्थीसाठी केलेली माटोळीची (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीची) लाकडी चौकट छताच्या हुकांना आहे, तीही ठेवून जा म्हणतात. शिवाय एका सुताराला सोफा आणि जेवणाच्या टेबलासाठी ६० हजार आगाऊ दिले होते. चतुर्थीआधी देणार होता, आता जानेवारी आला. आम्ही काय करावं? – एक वाचक, पर्वरी

उत्तर: ताई, तुमच्या पत्रासोबत कराराची प्रत होती म्हणून नेमकं बोलता येतंय. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही विसरू नका: सामान काढून होईपर्यंत फ्लॅटची किल्ली हातातून सोडायची नाही. घरमालक कितीही गोड बोलले, ‘किल्ली देऊन जा, सामान सावकाश न्या’ म्हणाले, तरी नाही.

कारण सांगते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूचे हक्क आणि जबाबदाऱ्या दिल्या आहेत. त्यातला (एच) खंड तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. भाडेकरूनं जागेला जोडलेल्या सगळ्या वस्तू तो काढून नेऊ शकतो, भाडेपट्टा संपल्यानंतरसुद्धा, पण जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. ताबा गेला की हा हक्कही गेला. अट एकच, जागा मिळाली तेव्हा जशी होती तशी परत करायची. म्हणजे ‘भिंतीला ठोकलं ते फ्लॅटचं’ हा नियम कायद्यात नाही. लोक किल्ली आधी देतात, सामान मागायला नंतर जातात आणि तिथं फसतात. मग ट्रॉलीसाठी वर्षभर फोन करत बसावं लागतं.

हे कलम लागू होतं ते करारात उलट काही लिहिलेलं नसेल तेव्हा. तुमचा करार मी दोनदा वाचला. बसवलेल्या वस्तू मालकाच्या होतील असं त्यात कुठंही नाही. ‘लेखी परवानगीशिवाय बांधकामात कायमचा बदल करू नये’ एवढंच आहे. कपाट आणि ट्रॉली म्हणजे बांधकामातला बदल नव्हे. आणि घरमालकांचा व्हॉट्सॲपवरचा संदेश तुम्ही जपून ठेवलाय, ‘कपाटं लावा, फक्त टाइल्स फोडू नका’. तो लाखमोलाचा आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह तो पुराव्यात देता येतो.

तुमच्या कागदावर वर ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी, असं लिहिलंय. यावरून घरमालकांचे वकील म्हणतील की हा भाडेपट्टाच नाही, कलम १०८ लागू नाही. घाबरू नका. कागदाचं नाव काय ठेवलं यापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार काय होता हे न्यायालय बघतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही त्यावरच वाद चालतो. पण मी तुम्हाला या वादात उतरवणार नाही, गरजच नाही. लायसन्स धरलं तरी तुम्ही आणलेलं सामान तुमचंच राहतं आणि ते हलवायला वाजवी वेळ मिळायला हवा. दोन्ही वाटांनी आपण एकाच दारी पोचतो.

आता वस्तूंकडे बघू. एसी, गीझर, पंखे, मच्छरजाळ्या आणि कपाटं निःसंकोच काढा. एसीच्या पाइपची भोकं बुजवा, तारांची टोकं वायरमनकडून नीट बंद करून घ्या, स्क्रूच्या भोकांत पुट्टी भरून रंगाचा हात द्या. ‘होती तशी’ या अटीचा अर्थ एवढाच. ग्रॅनाइट मात्र सोडून द्या असं मी म्हणेन. तो काढलात तर खालचा मूळ कडप्पा पुन्हा बसवून द्यावा लागेल आणि ग्रॅनाइट निघताना फुटला तर दोन्हीकडून नुकसान. ट्रॉल्यांचं गणित वेगळं आहे. त्या पर्वरीच्या त्या एका भिंतीच्या मापाच्या आहेत. साखळीच्या घराचा ओटा आधी मोजून या. बसत नसतील तर घरमालकांनाच विकत घ्यायला सांगा. दीड वर्ष वापरलेल्या ट्रॉल्यांची किंमत नव्याची मिळणार नाही, पण काढून नेण्याचा हक्क तुमच्याकडे आहे हे त्यांना कळलं की बोलणं सरळ होतं. जी रक्कम ठरेल ती कागदावर आणा. डिपॉझिटमध्ये ‘बघून घेऊ’ नको.

डिपॉझिटबद्दल तुमच्या करारात एकमेकांना छेद देणारी दोन कलमं आहेत. सातवं म्हणतं, कोणताही पक्ष एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. बारावं म्हणतं, ११ महिन्यांआधी जागा सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त. नोटरीच्या टेबलावर दोन वेगवेगळ्या मसुद्यांतून करार जोडला की असं होतं. दोन्ही कलमं एकत्र वाचली तर सरळ अर्थ हाच निघतो की नोटीस न देता निघून जाणाऱ्यासाठी बारावं कलम आहे. आणि संदिग्ध कलमाचा अर्थ ज्यानं मसुदा केला त्याच्या विरुद्ध लावण्याचं तत्त्वही आपल्या बाजूचं आहे, कारण करार त्यांनी करून आणला होता.

समजा, बारावं कलम लागू झालं. तरीही भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ आडवं येतं. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप मिळत नाही. वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हे पुन्हा सांगितलं. पर्वरीतला चांगला फ्लॅट पुढच्याच महिन्यात भाड्यानं गेला तर तीन महिन्यांच्या भाड्याएवढं नुकसान कुठून दाखवणार? मात्र फ्लॅट खरंच महिनाभर रिकामा राहिला तर त्या २६ हजारांची मागणी अगदीच गैर म्हणता येणार नाही. तडजोडीला बसाल तेव्हा हा आकडा मनात धरून बसा. त्यापलीकडे जाऊ नका.

बुरशीचं म्हणणं मला सगळ्यात जास्त खटकलं. पश्चिमेची भिंत, गोव्यातला पाऊस, बाहेरचं प्लास्टर तडकलेलं. ओल बाहेरून आत आली, त्यात भाडेकरूचा काय दोष? कलम १०८ च्या (एम) खंडात भाडेकरूनं जागा चांगली ठेवावी असं आहे, पण वाजवी झीज आणि आवरता न येणाऱ्या शक्तीमुळे झालेला बदल त्यातून वगळलाय. तुम्ही जुलैमध्ये ओलीचे फोटो घरमालकांना पाठवले होते आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. तेवढं पुरेसं आहे. तो खर्च मान्य करू नका.

आता पुढची पावलं. या आठवड्यातच लेखी नोटीस द्या, एक महिन्याची मुदत पूर्ण धरून. स्पीड पोस्टानं पाठवा आणि तोच कागद व्हॉट्सॲपवरही. त्यात कुठल्या वस्तू नेणार त्याची यादी जोडा. यादीत वस्तू, खरेदीचा महिना आणि बिल आहे की नाही हे लिहा. यादीवर त्यांनी वेळेत हरकत घेतली नाही तर पुढं त्यांना नवी कहाणी रचणं अवघड जातं. वीजबिल आणि सोसायटीचं देणं शून्यावर आणा. सामान काढल्यावर रिकाम्या फ्लॅटचा व्हिडिओ घ्या, मीटरचं रीडिंग टिपा आणि मगच किल्ली द्या, तीही पोच घेऊन. पोच म्हणजे एका ओळीचा कागद: अमुक तारखेला जागेचा ताबा मिळाला, जागा ठीक आहे, डिपॉझिटपैकी इतकी रक्कम देणं आहे.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन टेंपो अडवतो, ‘मालकाची एनओसी आणा’ म्हणतो. हे आमच्याकडे वारंवार येतं. सोसायटीला तुमचं सामान अडवून ठेवायचा अधिकार नाही. नोटिशीची प्रत आधीच सेक्रेटरीला देऊन ठेवा आणि टेंपो दिवसाउजेडी बोलवा. घरमालकांनी तुमचं सामान आत असताना कुलूप बदललं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली, बेकायदा ताबा काढून घेतलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न येत नाही. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. डिपॉझिटचा प्रश्न तिथं लोकअदालतीतही सुटू शकतो.

सुताराबद्दल एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा, आणि उत्तर मला नाही तरी स्वतःला खरं द्या. ऑर्डर रद्द करायची आहे ती त्यानं वेळ पाळली नाही म्हणून, की घर बदलल्यावर तो सोफा मावणार नाही म्हणून? कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली त्याची चूक, दुसरी तुमची सोय. तुमच्या बाबतीत पहिली खरी आहे. ‘चतुर्थीच्या आधी हवंच, पाहुणे येणार’ असं तुम्ही लिहिलंत आणि त्यानं ‘नक्की’ म्हटलं, म्हणजे वेळेला महत्त्व होतं हे त्याला ठाऊक होतं. पण चतुर्थीनंतरही तुम्ही ‘दिवाळीपर्यंत द्या’ म्हणालात. त्यामुळे आता एकदा स्पष्ट मुदत द्या, १५ दिवसांची, लेखी. त्यात काम झालं नाही तर ऑर्डर रद्द आणि ६० हजार परत, असं लिहा. नोटिशीत साखळीला जाण्याचा उल्लेख नको. ते लपवणं नव्हे, त्याचा त्याच्या उशिराशी संबंधच नाही. मुदतीत त्यानं फर्निचर आणून उभं केलं, तर मात्र ते घ्यावं लागेल. म्हणून साखळीच्या खोल्यांची मापं त्याआधीच घ्या.

तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, ती ऑनलाइनही होते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. त्यानं लाकूड खरोखर विकत घेतलेलं असेल आणि तो बिल दाखवत असेल, तर थोडं सोडून उरलेले पैसे लवकर घेणं मला शहाणपणाचं वाटतं. कष्टाचा माणूस आहे, आणि तुमचे पैसेही कष्टाचेच आहेत.

साखळीच्या घराचा करार करताना हीच चूक पुन्हा नको. ‘भाडेकरूनं आणलेल्या व बसवलेल्या वस्तू त्याच्याच राहतील व जागा सोडताना तो त्या काढून नेईल’ हे एक वाक्य घाला आणि मागं यादी जोडा. घर जुनं, वडिलोपार्जित असेल तर घरपट्टी आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडे एका घरात अनेक वारसांचे हिस्से असतात आणि भाडं घेणारा भाऊ एक, हरकत घेणारा दुसरा असं होतं. घरमालक पती-पत्नी असतील तर दोघांची सही घ्या. पोलीस ठाण्यातला भाडेकरू पडताळणीचा फॉर्मही वेळेत भरा. आणि वाळवंटी नदीच्या पुराचं पाणी त्या गल्लीत येतं का, हे घरमालकांना नाही, शेजाऱ्यांना विचारा. बाजाराजवळच्या सखल भागात तळमजला घेतलात तर प्लायवूडची कपाटं एका पावसाळ्यात फुगतील.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढं तिकडंच छोटी जागा विकत घ्यायचा विचार आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल. आत्ता इतकंच, की स्वस्त म्हणून कुणाला टोकन देऊ नका. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद), रूपांतराची सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद), कूळ किंवा मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) नोंद आणि विकणाऱ्या पती-पत्नी दोघांची संमती, हे सगळं वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत.

राहिली माटोळीची चौकट. ती तर जागेला जोडलेलीसुद्धा नाही, हुकांना दोरीनं टांगलेली आहे. तिच्यावर घरमालकांचा कुठलाच हक्क पोचत नाही. यादीत पहिल्या क्रमांकावर ती लिहा, आणि पहिल्या फेरीच्या टेंपोत तीच चढवा. हुक मात्र छतातच राहू द्या, ते उपटताना प्लास्टर निघतं.