दौलत, देर्हाका आणि पक्ष

मलेशियातील मलय समाज आपल्या राज्यांच्या सुलतानांपुढे इतका नमून असतो, तर १९९३ मध्ये पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी सुलतानांचे खटल्यापासूनचे संरक्षण काढून घेतले तेव्हा लोक उसळले का नाहीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर १९९३ पेक्षा १९४६ मध्ये अधिक सापडते.

मलाक्का या जुन्या मलय सल्तनतीची राज्यकल्पना दोन शब्दांवर उभी होती. ‘दौलत’ म्हणजे राजाच्या ठायी असलेले दैवी तेज (आपल्याकडे तोच अरबी शब्द राज्य आणि संपत्ती या अर्थांनी रुळला), आणि ‘देर्हाका’ म्हणजे राजद्रोह, जो संस्कृत ‘द्रोहक’वरून आला. ‘सजारा मलायू’ या बखरवजा ग्रंथातील करारानुसार राजा अन्यायी असला तरी प्रजेने द्रोह करायचा नाही, पण राजानेही प्रजेची अप्रतिष्ठा करायची नाही. हा दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. १६९९ मध्ये मलाक्काची परंपरा पुढे चालवणाऱ्या जोहोरच्या सुलतान महमूदची हत्या होऊन बेंदाहारा, म्हणजे प्रधान, गादीवर आला, तेव्हा त्या तेजाला पहिला मोठा तडा गेला.

१८७४ मध्ये पेराक राज्याशी इंग्रजांनी केलेल्या पांगकोर करारानंतर धर्म आणि रूढी वगळता राज्यकारभार इंग्रज रेसिडेंटच्या सल्ल्याने चालू लागला. पुढे सुलतानांनी मलायन युनियनच्या, म्हणजे मलय राज्ये एकत्र करून सुलतानांचे सार्वभौमत्व इंग्रजांकडे नेण्याच्या, योजनेला सह्या दिल्या, तेव्हा संतापलेल्या मलय पुढाऱ्यांनी १ एप्रिल १९४६ रोजी गव्हर्नरच्या शपथविधीला जाण्यापासून त्यांनाच परावृत्त केले. त्याच वर्षी ओन जाफर यांच्या नेतृत्वाखाली ‘अम्नो’ हा मलय समाजाचा पक्ष स्थापन झाला. सुलतानांचे रक्षण आता प्रजेचा पक्ष करू लागला आणि निष्ठेचे केंद्र राजाकडून ‘बांग्सा’कडे, म्हणजे मलय समाजाकडे, सरकले. १९६९ च्या मलय-चिनी दंगलींनंतर, १९७१ पासून, ‘भूमिपुत्रां’साठीच्या, म्हणजे मलय व इतर मूळ रहिवाशांसाठीच्या, आर्थिक धोरणाने पक्ष हाच सवलती आणि कंत्राटे देणारा आश्रयदाता झाला. त्यामुळे महाथीर राजवाड्याशी भिडले तेव्हा बहुसंख्य मलय मतदाराला त्यात देर्हाका दिसला नाही.

१९९८ मध्ये उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांची हकालपट्टी झाल्यावर मात्र ‘अप्रतिष्ठा’ हीच जुनी तक्रार पक्षाविरुद्ध वळली. २०१८ मध्ये अम्नोप्रणीत आघाडीची सत्ता गेली; २०२२ मध्ये अम्नोला २६ जागा मिळाल्या, तर इस्लामी ‘पास’ पक्षाला ४३. एकाही आघाडीला बहुमत नसल्याने पंतप्रधान कोण व्हावे याचा निर्णय पुन्हा राजाकडे, म्हणजे सुलतानांनी आपल्यातून निवडलेल्या देशाच्या राजाकडे, आला आणि त्यांनी अन्वर यांना नेमले.