डॉक्टरांच्या तारखेपर्यंतचे पाच आठवडे

"ताई, चार महिने झाले, दोन्ही तळपायांना मुंग्या येतात. आधी बोटांपुरत्या होत्या, आता घोट्यापर्यंत चढल्यात. कधी डाव्या हातातून करंट गेल्यासारखं होतं, पोटरीचं मांस आपोआप फडफडतं. फॅमिली डॉक्टरांनी न्यूरोलॉजिस्टना दाखवायला सांगितलं. सोलापूरची तारीख मिळाली ती पाच आठवड्यांनंतरची. रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसते. नवरा म्हणतो, मनाचं आहे. सासूबाई म्हणतात, वात आहे. मी शाकाहारी आहे, अ‍ॅसिडिटीची गोळी तीन वर्षं रोज चालू आहे, बाकी काही नाही. वर्गात शिकवताना वाटतं, पुढच्या वर्षी अशी उभी राहू शकेन का?"
– एक शिक्षिका, बार्शी

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पायांना मुंग्या येतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हे आधी लिहिते, कारण तुझ्या पत्रात आजारापेक्षा जास्त दुखतंय ते घरात कुणी खरं मानत नाही हे.

मी डॉक्टर नाही, तेव्हा तुला काय झालंय हे मी सांगणार नाही. पण अशी वाट मीही पाहिलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझा उजवा हात बधिर व्हायचा. दोन महिने थांबून नंबर लागला आणि आत गेल्यावर मी एवढंच बोलले, "हात बधिर होतो." बाहेर रिक्षात बसल्यावर आठवलं, की हे फक्त रात्री होतं, हात झटकला की बरं वाटतं आणि करंगळी कधीच बधिर होत नाही. पुढच्या खेपेला हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी लगेच मनगट धरलं. तिथे दबणारी नस अंगठा आणि शेजारच्या बोटांना जाते, करंगळीची नस वेगळी असते. मी न सांगितलेली करंगळीच त्यांना हवी होती.

म्हणून एक वही कर. रोज दोन ओळी पुरेत: कुठे झालं, किती वेळ, तेव्हा काय करत होतीस, कशाने थांबलं. चप्पल पायातून निसटली आणि कळलंच नाही, असं कधी होतं का? तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? अंधारात चालताना भिंत धरावी लागते का? खडू हातातून पडतो का? यातलं काही होत असेल, तर पाच आठवडे थांबू नकोस. दवाखान्यात फोन करून तसं सांग आणि लवकरची वेळ माग. एरवीही कुणाची अपॉइंटमेंट रद्द झाली तर कळवा, असं सांगून ठेव. लाजू नकोस.

दरम्यान फॅमिली डॉक्टरांना विचार, रक्ताच्या तपासण्या आत्ताच करून घेऊ का? साखरेसाठी एचबीए१सी, थायरॉइड, हिमोग्राम आणि नसांना लागणारं जीवनसत्त्व बी१२. रिपोर्ट हातात असले की न्यूरोलॉजिस्टची पहिली भेट वाया जात नाही. बी१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसांत ते कमी पडणं आपल्याकडे खूप आढळतं. अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर अन्नातलं बी१२ नीट शोषलं जात नाही. म्हणजे तुला हेच झालंय असं नाही, पण ती गोळी किती वर्षं चालू आहे हे डॉक्टरांना नक्की सांग. आणि कुणी म्हटलं, "चल, ताकदीचं इंजेक्शन देऊन टाकू", तर आधी रक्त दे. इंजेक्शननंतर बी१२चा आकडा वर जातो आणि मूळ कमतरता होती की नाही हेच कळेनासं होतं. मेडिकलमधून "नसांच्या गोळ्या" स्वतःहून आणू नकोस. त्यांत पुष्कळदा बी६ असतं, आणि ते जास्त प्रमाणात बराच काळ घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

आता रात्रीचं. तू काय वाचतेस याचा मला अंदाज आहे. मांस फडफडतं असं शोधलं की मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसपेशींचा आजार समोर येतो. त्यात मुख्य तक्रार ताकद जाण्याची असते, मुंग्यांची नाही. नुसतं फडफडणं तर थकव्याने, जागरणाने निरोगी माणसालाही होतं. जीबीएसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते त्या गिलेन-बारे आजाराची धास्तीही असेल. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात त्याचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळा महाराष्ट्र घाबरला होता. पण तो आजार दिवसादिवसाने चढतो आणि साधारण चार आठवड्यांच्या आत शिगेला पोचतो. तुझं चार महिने चालू आहे. घाबरून श्वास जोरात चालला की ओठांना आणि बोटांच्या टोकांना नव्या मुंग्या येतात, हेही ध्यानात ठेव. नवऱ्याच्या "मनाचं आहे" मध्ये खरं आहे ते एवढंच. घोट्यापर्यंत चढलेल्या मुंग्यांचं उत्तर त्यात नाही. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव.

पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नकोस. बधिर पायाला चटका कळत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवरही जपून. झोपण्याआधी तळपाय नीट बघ. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तोही दाखव. कुष्ठरोग आजही आहे, पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं.

काही गोष्टींसाठी मात्र तारखेची वाट बघायची नाही. तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं: १०८ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात. दोन्ही पायांची ताकद झपाट्याने जाणं, श्वास किंवा गिळणं अवघड होणं, लघवी अडकणं किंवा कळेनाशी होणं, बसण्याची जागा बधिर होणं, एका डोळ्याचं दिसणं कमी होणं, यांसाठीही त्याच दिवशी इस्पितळ गाठ. ही यादी नवऱ्याला वाचून दाखव.

आणि त्याला सोलापूरला सोबत ने. तू कशी चालतेस हे तुला दिसत नाही, त्याला दिसतं. डॉक्टर हातोडीने ठोकतील, कंप पावणारा चिमटा घोट्याला लावतील, टाच-बोट जोडून सरळ रेषेत चालायला सांगतील. ते सगळं त्याने पाहू दे. एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी तपासणी सांगितली तर घाबरू नकोस, छोटे झटके बसतात, सहन होतात. ती नॉर्मल आली आणि मुंग्या तशाच राहिल्या, तर तिथेच विचार, की बारीक नसांचा त्रास या तपासणीत दिसतो का. बहुधा दिसत नाही, म्हणून हे विचारायचं.

वहीचं पहिलं पान आज रात्रीच लिही. तारीख झाली की मला कळव, आणि काहीच सापडलं नाही तरी कळव.

तुझी,
ताई