गोव्यातल्या मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या) कामात नवीन आलायस ना, मग हे वाच

अरे, फॉर्म भरायला दोन दिवसात शिकशील, त्याचं टेन्शन नको. आधी जरा स्वतःकडे बघ. तू गांवकार घरातला, म्हणजे गावच्या मूळ घराण्यातला, कोमुनिदादीत, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत नाव, देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेल्या सभासदांच्या यादीत पण नाव, आणि यातलं काहीच तू कमावलेलं नाहीस, जन्मलास आणि मिळालं. तुझ्या सख्ख्या बहिणीला विचार, बहुतेक देवळांत तिला तेवढंही नाही, तो देवस्थानांचा कायदाच 1933 चा, पोर्तुगीजांच्या वेळचा.

मुंडकार कायदा 1975 चा, पण घराखालची जमीन नावावर करायला मामलेदाराकडे खेपा घालणारे अजून आहेत. तू आत गेलास की आडनाव ऐकून 'बस रे, कोणाचा तू?' म्हणत खुर्ची पुढे येते, आणि जिची केस आहे ती म्हातारी सकाळपासून बाहेर बाकड्यावर. आता गिल्टीबिल्टी वाटून घेऊ नको हां, त्याचा तिला काडीचा उपयोग नाही, उलट तीच तुझी समजूत काढत बसेल. खुर्चीत तिला बसव, बोलू दे तिलाच, तू फक्त कागद सांभाळ.

आणि 'गोव्यात जातबित कोण मानत नाही' हे तिच्या घरात बोलू नको प्लीज. गावडा, कुणबी, वेळीप यांना एसटी दर्जा मिळाला तोच 2003 ला.

भाटकार, म्हणजे जमीनमालक, तुझ्या नात्यातला असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाक. मागाहून कळलं तर मुंडकार तुला परत दारात उभं करणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.