सगळे म्हणतात साईट लय भारी, मग ऑर्डर का येत नाही?

प्रश्न : आमचं चप्पल लाईनला जुनं दुकान आहे, भावानं मागच्या वर्षी वेबसाईट करून घेतली. लोक साईटवर येतात, चपला बघतात, पण ऑर्डर अर्धवट सोडतात आणि मग फोन करून विचारत बसतात. मी घरच्या ग्रुपवर आणि मैत्रिणींना लिंक पाठवून गुगल फॉर्म भरून घेतला तर सगळ्यांनी 'लय भारी' लिहिलं. आता ऑनलाईन टेस्टिंग कर, म्हणजे लोकांना साईट वापरायला लावून बघ म्हणतात, पण त्याला माणसं आणायची कुठनं, किती, आणि पैसे द्यायचे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तो फॉर्म बाजूला ठेवा. साईट कशी वाटली असं विचारलं की आपली माणसं चांगलंच बोलणार, त्यांच्या मतापेक्षा वापरताना ती कुठं अडतात ते बघायचं असतं.

आणि माणसं शोधायला लांब जायला नको, ऑर्डर सोडून जी फोन करतात तीच तुमची माणसं! पुढचा फोन आला की आधी त्यांचं काम करून द्या, मग विचारा, अर्धा तास व्हिडिओ कॉलवर साईट वापरून दाखवाल का. पुण्या-मुंबईची जास्त घ्या, कारण कोल्हापूरचा माणूस दुकानात येऊन पायात घालूनच घेणार. ओळखीपाळखीतनं कुणी घेणार असाल तर आधी दोन-तीन प्रश्न टाका, पण 'ऑनलाईन चप्पल घेता का' असं सरळ विचारू नका, सगळे हो म्हणतात. गेल्या सहा महिन्यात ऑनलाईन काय काय घेतलं एवढंच विचारा, उत्तरावरनं कळतं.

किती म्हणाल तर पाच. वेबसाईट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिलंय की एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी दाखवतो आणि पाच जणांत साधारण 85 टक्के सापडतात. त्यामुळं एकदम पंधरा जण बोलवण्यापेक्षा पाच बघा, दुरुस्त करा, परत नवे पाच बघा. एखादा ऐनवेळी येत नाही म्हणून एक जादा सांगून ठेवा.

पैसे द्याच, त्यांचा वेळ आहे तो. दोन-तीनशे रुपये यूपीआयनं, आधी कबूल करून, आणि साईटला नावं ठेवली तरी तेवढेच मिळणार हे स्पष्ट सांगून. तुमच्याच दुकानाचं कूपन नको, त्यानं माणूस गोड बोलायला लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर 2023 पासून स्क्रीन शेअर करता येते, वेगळं अ‍ॅप लागत नाही. फक्त नोटिफिकेशन बंद करायला लावा, आणि पेमेंटचं पान आलं की थांबवा, ओटीपी, कार्ड नंबर काही दिसता कामा नये. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, कशाला वापरणार आणि कधी डिलीट करणार तेही सांगा.

आता काम काय द्यायचं, हे नीट जमलं पाहिजे. 'साईझ चार्ट उघडा' म्हणालात की तो शब्द शोधून बटण दाबणार आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा म्हणा, 'वडिलांना 8 नंबरचा बूट लागतो, त्यांच्यासाठी एक जोड निवडा, आणि घट्ट झाली तर परत कशी करायची ते शोधा.' मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा असंही सांगा. मग गप्प बसायचं, हे फार अवघड जातं बघा. समोरचा म्हणतोय, 'वडिलांचा 8, इथं 42 लिहिलंय, हे काय हो?' आणि तुमच्या अगदी तोंडावर उत्तर आलेलं असतं. सांगू नका! 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच विचारा आणि तो वर-खाली करत कुठं शोधतोय, कधी वैतागून मागं जातोय ते लिहून घ्या, कारण कॉलवर तुम्ही नसता तेव्हा त्यानं तिथंच साईट बंद केली असती.

भावाला आणि साईट करणाऱ्याला त्या कॉलवर नुसतं ऐकायला बसवा, माईक बंद ठेवून, आणि समोरच्याला तसं आधी सांगून. मग काय बदलायचं यावर घरात वाद घालावा लागत नाही. तीन जण एकाच ठिकाणी अडले की ते आधी दुरुस्त करायचं, रंग-फोटोंचं नंतर.