नळाला दुधासारखं पाणी का येतं?

प्रश्न : रात्री काचेच्या ग्लासात पाणी भरून झाकून ठेवलं, तरी सकाळी काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटलेले असतात. ही हवा येते कुठून? गीझरच्या नळाला पांढरंफेक पाणी येतं. वरच्या टाकीची एक लाइन फुसफुसते आणि मधूनच बंद पडते. या सगळ्याचं कारण एकच का? आणि हे पाणी प्यायला चालेल का?

उत्तर : मी उभं आयुष्य पंप आणि पाइपांत काढलं. त्यामुळे असा प्रश्न आला की आधी विचारतो, बुडबुडा दिसतो कुठे? तुमच्या ग्लासातली आणि गीझरमधली हवा पाण्यात विरघळलेली होती, टाकीच्या लाइनमधली पाइपात अडकलेली आहे. दोन्हींचे इलाज अगदी वेगळे.

आधी ग्लास. झाकण ठेवूनही बुडबुडे येतात, कारण हवा पाण्याबरोबरच ग्लासात आलेली असते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून वायूंचंही तसंच असेल असं वाटतं. पण त्यांचं नेमकं उलटं. हवेच्या संपर्कातल्या एक लिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाला ९.१ आणि ३० अंशाला जेमतेम ७.६. गार पाणी रात्रभर खोलीत कोमट झालं, की जास्तीची हवा बाहेर पडायला बघते.

पण ती काचेलाच का चिकटते? कारण पाण्याच्या पोटात नवा बुडबुडा जन्माला येणं फार अवघड. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी त्रिज्या असलेल्या बुडबुड्याला पाण्याचा पृष्ठताण जवळजवळ दीड वातावरण (म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या दीडपट) जादा दाबाने आवळत असतो. म्हणून त्याला आयती जागा लागते. काचेवरचा ओरखडा किंवा पुसायच्या फडक्याचा एखादा धागा घ्या. तिथे हवेचा कण आधीच दडून बसलेला असतो. तोच ग्लास रोज भरून ठेवा आणि भिंगातून बघा, बरेचसे बुडबुडे ठरलेल्या जागीच उगवतील. दुसऱ्या ग्लासात उकळून झाकून गार केलेलं पाणी ठेवलंत, तर त्यात फारसं काही दिसणार नाही. उकळताना त्यातली बरीचशी हवा निघून गेलेली असते.

गीझरचंही तेच, फक्त घाईत. टाकीत पाणी तापतं, पण वरच्या पाण्याच्या दाबामुळे हवा आतच दबून राहते. नळ उघडला की दाब एकदम उतरतो आणि असंख्य बारीक बुडबुडे सुटतात, तेच दूध. खात्री करायची असेल तर ग्लास भरा आणि हात न लावता बघत राहा. पाणी तळाकडून वर निवळत गेलं तर हवा, वरून खाली निवळत तळाला साका बसला तर गाळ. हवेचं पाणी निवळायला एक-दोन मिनिटं पुरतात आणि त्या हवेने काही अपाय होत नाही. गाळाच्या पाण्याची मात्र तपासणी करून घ्या.

आता तुमची फुसफुसणारी लाइन. एका घरी अशाच तक्रारीवर दोनदा नळ बदलून झाला होता. मी पाइपावर हात फिरवत गेलो, तर तो दाराच्या चौकटीवरून चढून पलीकडे उतरला होता. टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरे आणि पुन्हा पाणी भरताना त्या उंचवट्यावर अडकून बसे. आम्ही त्याला ‘लाइनने एअर धरली’ म्हणतो. टाकीची उंची कमी असेल तर पाण्याला ती ढकलून देण्याएवढा जोर नसतो. तात्पुरता इलाज म्हणजे जोराच्या नळाला नळी लावून बंद लाइनमध्ये उलटं पाणी सोडणं. (ते पाणी पिण्यालायक असावं, एवढं मात्र पाहा.) कायमचा इलाज म्हणजे पाइप खाली घेणं, नाहीतर उंचवट्यावर हवा सोडायचा कॉक बसवणं. त्या घरी मी पाइप खाली घेतला. जुना नळ ठीकच होता, तो मालकीणबाईंनी जपून ठेवला होता म्हणून बरं.

टाकी रिकामी होत नसतानाही हवा येत असेल, तर पंपाच्या सक्शनकडे संशय घ्या. विहिरीतून किंवा खालच्या टाकीतून पाणी वर ओढणाऱ्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून तिथला सैल जोड गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढतो. ओला डाग नाही, थेंब नाही. लोक दिवसभर शोधत बसतात. पंप चालू ठेवून प्रत्येक जोडावर दाट साबणाचा फेस लावा. ज्या जोडावरचा फेस आत ओढला जाईल, तोच चोर. टेफ्लॉन टेप गुंडाळून जोड पुन्हा आवळा, आणि फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाशी बसवलेली झडप) पाण्याच्या पातळीला फार जवळ आलेला नाही ना, तेही बघून घ्या.